शेवंती कुणी ठेवतं का आता?

६ जानेवारी १९९२
मुलगी झाली तर शेवंती ठेवायचं — माझ्या आईचं नाव. एवढंच म्हणाले, तर सगळ्यांची तोंडं वाकडी! सुचेताताई, माझ्या नणंदबाई, मटार सोलता सोलता म्हणाल्या, "शेवंती कुणी ठेवतं का आता? वेण्या विकणारीचं नाव वाटतं."
वेण्या विकणारीचंच आहे. मोरव्याहून टोपली घेऊन आई भाईंदरच्या बाजारात बसायची. त्यावरच मला बारावीपर्यंत शिकवलं. ताईंना हे ठाऊक आहे, तरी बोलल्या. आईला जाऊन दोन वर्षं होतील. आज फार आठवण आली.

९ जानेवारी
ताईंनी नाव ठरवलंसुद्धा — संपदा. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे त्यांचंच चालणार. शेवंतीबद्दल शेजारच्या मेहताबेन म्हणाल्या, नाम अच्छा है, पर स्कूल में बच्चे चिढ़ाएंगे. हे म्हणतात, कागदावर संपदा ठेवू, घरात तू काय हवं ते म्हण. म्हणजे स्वतःच्या मुलीला चोरून हाक मारायची! मी जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१४ जानेवारी
मुलगी. दीड महिना आधीच आली. एकदाच दाखवली, मग काचेच्या पेटीत ठेवायला नेली. पायाला पट्टी — 'बेबी ऑफ शैला'.

१८ जानेवारी
मला घरी पाठवलं, तिला नाही. माझा ताप उतरत नाही, म्हणून तिच्याजवळ सोडत नाहीत. मी दूध काढून देते, ताई शेअर रिक्षाने मीरा रोडच्या हॉस्पिटलात पोचवतात. दिवसातून दोनदा. कुरकुर नाही.
आज येऊन सांगत होत्या, तिथली नर्स मार्सेलिन — उत्तनची ख्रिस्ती — म्हणाली, "आमच्यात पोर आजारी असलं तर नावाला थांबत न्हाय. घरातलं कुणीपन डोक्यावर पानी घालतं न् नाव ठेवतं."
म्हणजे त्या नर्सला काय दिसतंय? मी ताईंना म्हटलं, तुमचं संपदा ठेवा, पण उद्याच ठेवा. बिननावाची नको राहायला.
सासूबाई आतून म्हणाल्या, सोयर फिटल्याशिवाय नाव ठेवत नाहीत, उगाच अभद्र मनात आणू नकोस. ताई उठल्या, दुधाचा डबा धुवायला गेल्या.

२१ जानेवारी
वजन वीस ग्रॅम वाढलं! पाळणा पंचवीसला. ह्यांनी वरचा हूक तेल लावून पुसला.

२४ जानेवारी
गेली. अकरावा दिवस.

२५ जानेवारी
हे काल तिला पुरून आले. कागद आणलाय. नावाच्या रकान्यात 'बेबी ऑफ शैला'. ते माझं नाव. तिचं काय?
माणसं नाव घेऊन रडतात. मी काय म्हणून रडू? बाळं तर सगळीच असतात. शेवंती म्हणावं, तर ते तिला कुणी सांगितलंच नाही. तिला कळणारही नाही की आई तिलाच बोलावतेय.

२ फेब्रुवारी
समाचाराला आलेली एक बाई म्हणाली, नाव ठेवलं नव्हतं ते बरंच, माया कमी लागते. मी उठून आत गेले.
ताई माझ्याकडे बघतही नाहीत. मला त्यांचा राग येतो. संपदा संपदा करत राहिल्या आणि मी पदर पसरला तेव्हा गप्प! त्यांचा काही दोष नाही हे कळतं. तरी येतो.

५ फेब्रुवारी
दुपारी सासूबाई देवळात गेल्या. ताई येऊन पलंगावर टेकल्या.
"आईला सांगू नकोस. एकोणीसला मार्सेलिनला म्हटलं, पेटी जरा उघड. मी तिच्या कानात नाव सांगितलं."
मी विचारलं, "संपदा?"
त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.
"शेवंती. मग रोज दूध घेऊन गेले की तीच हाक मारायचे. डोळे उघडायची गं."