पेन्सिलीने लिहिलेलं पाणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षं अठरा आणि वर अकरा दिवस, डोकं ठिकाणावर असताना, कुणी धाक घातलेला नसताना, जंगलाच्या शेवटच्या चौकीच्या पायरीवर बसून हे मृत्युपत्र लिहिते. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. याआधी मी केलेलंच नाही, पण चौकीवाले काका म्हणाले, असं लिहायची पद्धत आहे.

या चौकीच्या पुढे रस्ता नाही, फोन लागत नाही, माणूस भेटत नाही. एकटं जाणाऱ्याने कुठे जाणार, कधी परतणार आणि कुणाला कळवायचं ते चिठ्ठीवर लिहून काकांच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचं, असा इथला नियम आहे. चार वर्षांत मी अशा बऱ्याच चिठ्ठ्या टाकल्या, तीन ओळींच्या वर एकही नाही. आज मी पूर्ण कागद मागितला तेव्हा काका म्हणाले, "एवढं काय लिहितेस गं? मृत्युपत्र?" मी म्हटलं, हो. मग ते हसायचे थांबले आणि कार्बन पेपर शोधायला आत गेले.

एक. घरातला माझा हिस्सा म्हणजे खिडकीजवळची खाट आणि तिच्याखालची पेटी. खाट आईला. तिथे वारा येतो आणि तिला स्वयंपाकघरात झोपून घाम येतो. पोस्टात साठलेलं असेल तेही आईचंच. किती ते तिला माझ्याआधी माहीत असतं, पासबुक तिच्याच उशीखाली आहे.

आई, तू म्हणालीस, "दोघं एकाच पोटची. दादाचं नाव झालं काय, तुझं झालं काय, एकच." तसं नसतं आई. पण खाट तुझीच.

दोन. हत्यारं. मी शाळा नववीत सोडली. कारण घरच्यांनी कधी धड विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. मराठीच्या बाई रोज एकाला उभं करून धडा वाचायला लावायच्या. माझी पाळी आली की घसा बंद. अक्षरं दिसायची, आवाज निघायचा नाही. वर्ग हसायचा, बाईसुद्धा हसायच्या. एक दिवस मी दप्तर घेऊन शाळेऐवजी पाठपिशव्या आणि तंबू दुरुस्त करायच्या दुकानात जाऊन बसले. मालकीणबाईंनी विचारलं, "बोलता येतं का?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "नाही आलं तरी चालेल. सुई बोलत नाही." त्यानंतर मी तिथेच आहे. आरी, कात्र्या, मेणाचा दोरा हे सगळं दुकानाचं, त्यातलं माझं काही नाही. माझं फक्त अंगठ्याला बांधायचं चामडं. ते मी माझ्या मापाने कापलंय, दुसऱ्या कुणाला बसणार नाही. टाकून द्यावं.

मालकीणबाईंना काही ठेवायचं मनात होतं. पण काका म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि सही तर बाईच करणार आहेत. बाई म्हणाल्या, "बरं झालं. तुझ्याकडे आहे तरी काय!"

तीन. आता वही. या सगळ्याचं कारण तीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानात येणाऱ्या पाठपिशव्यांच्या शिवणीत गवताची कुसळं अडकलेली असायची. ती उपटता उपटता मला वाटायचं, ही जिथून आली तिथे जाऊन यावं. एका सुट्टीत गेले. पहिला दिवस घळीतून चढायचं, दुसऱ्या दिवशी नदी, तिसऱ्या दिवशी वरचं पठार. पठारावर फक्त कमरेएवढं गवत, वारा आणि लांबून मान वर करून बघणारी हरणं. तिथे "अशी गप्प का गं?" असं विचारायला कुणी नसतं. सगळंच गप्प असतं, त्यामुळे मी वेगळी दिसत नाही. मग मी जातच राहिले. कुठे वाट फुटते, कुठे झोपता येतं, कुठे पाणी आहे, सगळं वहीत लिहीत गेले.

पाण्याची माझी एक पद्धत होती. बारमाही झरा शाईने. उन्हाळ्यात आटणारा झरा पेन्सिलीने, कारण तो पुसला जातो. पठारावर पाण्याच्या तीन जागा आहेत. एक शाईची, दोन पेन्सिलीच्या. नदीच्या बाजूची पेन्सिलीची जागा मोठ्या कातळाखाली आहे. तिथे चारजण अंग आखडून झोपू शकतील एवढा कोनाडा आहे, त्याला मी खिसा म्हणते. खिशातला झरा मी तीन उन्हाळे पाहिलाय. तिन्ही वेळा नुसतं ओलं शेवाळ, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच.

ही वही मी एकाच माणसाला दाखवली होती. माझ्या दादाला.

मागच्या वर्षी त्याचा पाय मोडला. दीड महिना प्लास्टर. कामावरून काढलं, मित्र यायचे बंद झाले, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून वही वाचून दाखवायचे. मोठ्याने. मला मोठ्याने वाचता येतं हे मला त्याच्याचमुळे कळलं. पेन्सिलीचं काय ते मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "हुशार आहेस गं मुके." मुकी हे माझं घरातलं नाव. त्याच्या तोंडून मला ते कधी टोचलं नव्हतं.

पाय बरा झाला आणि त्याने माझी वही नेऊन तिचा नकाशा छापला. वर त्याचं नाव, खाली "प्रत्यक्ष फिरून तयार केलेला". तो आजवर नदीच्या पुढे गेलेला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझा खिसा ठळक अक्षरांत छापलाय, शेजारी तंबूचं चित्र.

हेही मी गिळलं असतं. लहानपणापासून दुकानदाराशी तोच बोलायचा, डॉक्टरशी तोच, पाहुण्यांशी तोच. नावही त्याचंच असू दे, म्हटलं असतं. पण माझी मूळ वही मला परत मिळाली तेव्हा पेन्सिलीच्या जागा सापडेनात. त्याने त्या सगळ्या शाईने गिरवल्या होत्या. नीट, सावकाश, माझ्याच अक्षराच्या वळणावरून.

मी विचारलं, "विसरलास का?"

"विसरलो नाही. पेन्सिल छपाईत उठत नव्हती."

"अरे, तिथे पाणी नसतं."

"तू गेलीस तेव्हा नसेल. आणि पठारावर एकच पाणी दाखवलं तर कोण येणार आहे चालायला? अकराजणांनी नावं दिलीत मुके. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे कुणी काहीतरी मागतंय."

ते शेवटचं वाक्य तो खरं बोलला. म्हणूनच ते जास्त लागलं.

नकाशाच्या कार्यक्रमाला वाचनालयाची खोली भरली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत आपणहून उभी राहिले. दोन झरे कोरडे आहेत, एवढंच बोलायचं होतं. घसा बंद झाला. सगळे बघायला लागले. मी दादाकडे बघितलं. तो हसत पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ही माझी बहीण. जरा लाजरी आहे. ती म्हणतेय, नकाशा छान झालाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसाने गळा कापतात तो कसा, ते मला तेव्हा समजलं. आवाजसुद्धा होत नाही.

नंतर मी अकराही जणांना चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांनी दादाला विचारलं. तो म्हणाला, "तिचं नाव छापलं नाही म्हणून रुसलीय." दोघांनी मला उलट निरोप पाठवला की भावाचं चांगलं बघवत नसेल तर निदान आडवं तरी येऊ नये.

म्हणून, ती मूळ वही जाळावी. मी नवी वही केली आहे, आठवून आठवून, शाईचं शाईने, पेन्सिलीचं पेन्सिलीने. ती चौकीला. काकांना नाही, चौकीला. ते साक्षीदार आहेत. दोरीने दाराला बांधून ठेवावी. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी, पण पेन्सिलीचं पेन्सिलीनेच.

चार. पठार आणि तिथली शांतता. ही माझी नव्हती, त्यामुळे मला ती कुणाला देता येत नाही. दादाने दिली.

पाच. शिट्टी. मी सात वर्षांची असताना गावाबाहेरच्या टेकडीवर हरवले होते. सगळे हाका मारत होते आणि मी झुडपात बसून सगळ्यांचं ऐकत होते, ओ देता येत नव्हती. दादानेच शोधलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला ही शिट्टी आणून दिली. "ओरडता येत नाही ना? मग फुंकायचं." ती माझ्या गळ्यात असेल. मी सापडले तर ती त्याला द्यावी. सोबत कुणी काही बोलू नये.

सहा. मी का जाते आहे. ते अकरा आणि दादा, असे बाराजण शनिवारी पलीकडच्या रस्त्याने निघतील. तिकडची चौकी उन्हाळ्यात बंद असते. सोमवारी संध्याकाळी, नकाशावर विश्वास ठेवून, रिकाम्या बाटल्या घेऊन खिशाशी पोचतील. शाईचा झरा रविवारीच मागे पडलेला असेल, आणि तिथून पुढचं पाणी म्हणजे नदी, तेही ताज्या माणसाला अर्धा दिवस. उन्हात तीन दिवस चाललेल्याला किती ते मला मोजायचं नाही.

काकांनी माझ्यादेखत दादाला फोन लावला. स्पीकरवर ठेवला होता.

"अरे, पोरगी म्हणते वर पाणी नाही."

"काका, ती तशीच आहे. तुम्हाला माहितीय ना?"

काकांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "नक्की कोरडं असतं ना गं?" त्यांनीसुद्धा विचारलं. मी रागावले नाही. माझी बाजू कुणी ऐकलेलीच नाही, तर विश्वास कशावर ठेवणार? काकांना चौकी सोडता येत नाही, हे वणव्यांचे दिवस आहेत.

मी आज निघून उद्या नदीवर पोचेन. दहा लिटरचे दोन डबे पाठीवर घालून शनिवारी एक खेप खिशापर्यंत, रविवारी दुसरी. रिकामे डबे जास्तीचे घेतलेत. मधे एक घसरडा कातळ आहे. तिथे मी एकदा पाठीवर ओझं नसतानाही पडले आहे, म्हणून हा कागद. मालकीणबाई दुकान बंद करून सकाळच्या गाडीने आल्या आणि माझ्या पाठपिशवीच्या पट्ट्या इथे बसून दुहेरी शिवल्या. म्हणाल्या, "मरायचं तर मर, पण पट्टी तुटून मरू नकोस. दुकानाचं नाव जाईल." मग बराच वेळ त्यांना सुईत दोरा ओवता येईना. मी ओवून दिला.

खोटं कशाला लिहू, दोन दिवस मला वाटत होतं की जाऊ देत. बसू देत कोरड्या शेवाळाला बोटं लावत, म्हणजे कळेल कोण खरं बोलत होतं. असं वाटलं हे मी कबूल करते. वाटून संपलं असंही नाही.

सात, आणि शेवटचं. पाणी. खिशात मिळेल तेवढं सगळं पाणी त्या बाराजणांना. मी तिथे असेन तर मीच वाटेन. नसेन तर त्यांच्यापैकी कुणीतरी हे कलम वाचल्यासारखं वागावं, म्हणून डब्यावरही हेच चिकटवणार आहे: आधी ज्याचे ओठ फुटलेत त्याने, मग बाकीच्यांनी, घोट घोट, घाई न करता. दादाला सगळ्यांत शेवटी. तो नको म्हणेल. मी ओळखते त्याला, लाजेने नको म्हणेल, मला पुरे, तुम्ही घ्या म्हणेल. त्याचं ऐकू नये. दोघांनी धरून पाजावं.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, दोन साक्षीदारांसमोर एकदा मोठ्याने वाचलं, आणि त्यांच्या देखत सही केली.

सही : मुकी

साक्षीदार १ : चौकीवाले काका. ऐकलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत आली नाही तर वणवा असो नसो, मी निघणार.

साक्षीदार २ : पाठपिशव्या दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण. ऐकलं. पूर्ण ऐकलं.

ठिकाण : शेवटची चौकी, बाहेरची पायरी
दिनांक : नऊ, गुरुवार, सकाळचे सव्वादहा