अणू अविनाशी आहे, म्हणे

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

आपला घसा आता कसा आहे? आमच्या स्कॅन विभागाच्या उद्‌घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून आपण त्याला भरपूर राबवलंत, म्हणून आधी त्याचीच चौकशी.

व्यासपीठावरचा जो शिशाचा डबा आपण दोन्ही हातांनी उचलून भाषणाच्या कागदांवर ठेवलात (पंख्याने उडत होते, मान्य), त्यात रुग्णाला टोचायचं औषध होतं. टूथपेस्टमध्ये असतो त्या फ्लोरिनचाच हा एक किरणोत्सर्गी, अल्पायुषी भाऊबंद. लांबून गाडीने येतो आणि दोन तास व्हायच्या आत निम्मा संपतो, मग उरलेल्याचा निम्मा, झाकण कितीही घट्ट लावा. डबा थेट आत यायचा, पण मोठ्या साहेबांना तो पाहुण्यांना दाखवायची हौस! आणि आत एक बाई आदल्या रात्रीपासून उपाशी, हाताला सुई लावून बसलेल्या. गाठ पसरली आहे की नाही, एवढंच त्यांना कळायचं होतं.

मी दारातून घड्याळ दाखवलं, आपण मला आशीर्वाद दिलात. मी डब्याकडे बोट केलं, तर त्याच्यावर थाप मारून आपण गरजलात, "अणू अविनाशी आहे!" टाळ्या पडल्या. मग अणूवरून आत्मा, आत्म्यावरून आपलं बालपण. बालपण आपण फारच सावकाश घेतलंत. अखेर डबा हाती आला, मोजून पाहिलं, तर एका माणसापुरतंही औषध उरलं नव्हतं. साहेब म्हणाले, "उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेव." (यांना पगार माझ्या तिप्पट.) बाईंना परत पाठवताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्याच म्हणाल्या, "असू दे रे, भाषण तरी छान झालं त्यांचं."

आपला भाचा

ता. क. त्या बाई म्हणजे मामी. आपल्याला वाटलं, त्या मागच्या रांगेत बसल्यात. आपल्या कौतुकाच्या दिवशी विरजण नको म्हणून त्यांनी आपल्याला काही कळू दिलं नाही आणि मलाही शपथ घातली. ती मी आज मोडली. मला फार भीती वाटते, मामा.

पुन्हा ता. क. गुरुवारी त्यांना परत बोलावलंय, आपणच घेऊन या. औषध टोचल्यावर तासभर एक शब्दही न बोलता पडून राहावं लागतं. मामींना जमेल, लग्नापासूनचा सराव आहे. आपण बाहेरच्या बाकावर करून बघा.