धुरीची हाक

२ फेब्रुवारी

शेजारच्या बालगृहाच्या फाटकावर कसलीशी नोटीस! चष्मा घरी विसरले होते, पुन्हा जाऊन वाचली. मागची पडीक जमीन शेती विभागातून काढून रहिवासी विभागात घ्यायची आहे – तिथे नवी इमारत होणार, आणखी मुली येणार. हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवा.

हरकत कोणाची असणार? तासगावच्या या टोकाला आहे कोण – मी, ते बालगृह आणि पलीकडे नानासोंचं बेदाण्याचं शेड.

५ फेब्रुवारी

गच्चीवरून बालगृहाची कपड्यांची दोरी दिसते. ती न्याहाळायची मला सवयच लागली आहे. एकाच कापडाचे दोन फ्रॉक – निळ्यावर पांढरी फुलं. थोरला सोनियाचा, धाकटा अर्जुनाचा. सख्ख्या बहिणी. त्यांचं सगळं बघणाऱ्या धोंडुबाईंना आज कुंपणावरून म्हटलं, छान शिवलेत हो.

"तीन शिवल्यात, भाभी. तिसरी रेणू सांगलीच्या संस्थेत हाय. हितं जागा न्हवती, मग लेकरांची वाटणी झाली. तिचा फ्रॉक माज्या पेटीत हाय. नवी खोली झाली की आणू तिला." मग दोरीवरच्या फ्रॉककडे बघत – "तवर अंगात बसला म्हंजे मिळवली."

पाचगणीच्या बोर्डिंगात आपा, माझी थोरली बहीण, मोठ्यांच्या इमारतीत आणि मी छोट्यांच्या. आठवड्यातून एकदा भेट. पण धोब्याच्या दोरीवर तिचा झगा मी लांबून ओळखायची – खिशाला अम्मीने घातलेला टाका होता. तो झगा वाऱ्याने हलला की बरं वाटायचं. प्रार्थनेतही मी तिकडेच बघायची; सिस्टर म्हणायच्या, "आसिया, देव त्या बाजूला नाही!"

११ फेब्रुवारी

हरकत आली – नानासोंचीच! 'मुलींच्या गोंगाटाचा त्रास होतो.' गोंगाट? यांच्या ट्रॅक्टरवरची गाणी कुंडलपर्यंत जातात!

काहीतरी वेगळंच आहे.

१४ फेब्रुवारी

सापडलं, बहुतेक.

बेदाणा वाळला की नानासो तो बंद खोलीत ठेवून गंधकाची धुरी देतात. रंग राखायला. वारा फिरला तर धूर सरळ बालगृहात. म्हणून पेटवायच्या आधी ते दारात येऊन हाक मारतात – "धुरी हाय गंऽऽ!" की तिकडे खिडक्या धडाधड बंद, दोरीवरचे कपडे आत. आतून कोणीतरी ओरडतं – मुली त्यांना आबाच म्हणतात – "लावा आबाऽऽ!" मग काडी ओढायची. मीही तेव्हाच माझी खिडकी लावते. इतकी वर्षं ऐकते आहे, पण कधी विचारच केला नाही.

आज फाटकात गाठलंच. "नानासो, मुलींचा गोंगाट की तुमची धुरी?"

"बोर्डिंगवाल्या बाईंस्नी सगळं कळाया पायजे!" हसले, पण डोळे चुकवून. "आवं भाभी, ती जागा रहिवासी झाली की उद्या कुणीबी अर्ज देईल – धुरी बंद करा. मग मी काय करू? हितं शेड आधी हाय का लोकं आधी?"

शेड आधी. खरं आहे तेही.

२७ फेब्रुवारी

आज नगररचनेचे साहेब पाहणीला आले. नानासोंनी धुरी लावलीच नव्हती. गंधकाचं पोतं ताडपत्रीखाली. शेड अगदी देवळासारखं झाडून काढलेलं!

साहेब मागची जमीन बघत होते. गोंगाट काही नव्हता, मुली भिंतीला टेकून गप्प. तेवढ्यात शेडात क्रेट उतरवल्याचा आवाज झाला, धुरीआधी होतो तसाच – आणि अर्जुना एकदम उठली. भराभर कपडे ओढले, खिडक्या लावू लागली. साहेब म्हणाले, "काय गं, पाऊस येणार आहे का?"

"न्हाई. आबांची धुरी आसंल."

"त्रास होतो का धुराचा?"

पोरगी हसली. "छ्या! आबा आदी हाक मारत्यात की."

धोंडुबाईंचा चेहरा पडला. साहेबांनी पोतं बघितलं, खोली बघितली, लिहून घेतलं. जाताना समजावून सांगितलं – ही खोली इथे असेपर्यंत शेजारी मुलींसाठी रहिवासी परवानगी देता येणार नाही.

म्हणजे नानासो जिंकले. पण चेहरा कसला तो! तसेच शेडात गेले.

२८ फेब्रुवारी

संध्याकाळी हाक आली. पण बारीक. दोनदा मारावी लागली.

३ मार्च

नानासो आले. पायरीवरच बसले. चहा घेता घेता विचारलं –

"बादशहाभाईंचं कुंडल रस्त्याचं शेड बंदच हाय न्हवं?"

यांचं शेड! त्याची चावी मी अजून कोणाला दिलेली नाही.

"बेदाणा हितंच वाळवीन. धुरीची खोली तेवढी तिकडं न्हेतो. आसपास घर न्हाई तिथं. भाडं घ्या काय ते." मग एकदम चिडून – "पोरगी म्हणती छ्या! डोळं चोळतीया रोज, मी बगितलंय की. छ्या म्हणती!"

विचार करून सांगते म्हटलं.

६ मार्च

आज शेडात जाऊन आले. हे गेल्यापासून उघडलं नव्हतं. यांची खुर्ची, खुंटीवर टोपी, कोपऱ्यात तराजू. अजून बेदाण्याचा वास! यांच्या सदऱ्याला यायचा तसाच. तो वास तसाच राहावा म्हणून मी कुलूप लावून बसले होते – आज कळलं. गंधक आलं की तो जाणार.

बराच वेळ यांच्या खुर्चीत बसले. कोणालाच हाक मारावी लागणार नाही अशी जागा आहे.

७ मार्च

चावी दिली. टोपी घेऊन आले.

२१ ऑगस्ट

परवानगी मिळाली! धोंडुबाईंनी रस्त्यातच मला मिठी मारली. नानासो म्हणे, "आता गोंगाट वाढनार!" आणि सोनियाच्या हातात बेदाण्याची पिशवी.

१६ फेब्रुवारी

बालगृहामागे नवी खोली उभी राहिली. यंदाचा बेदाणा वाळला, क्रेट कुंडल रस्त्याच्या शेडात गेले. संध्याकाळी हाक नाही. तरी तिकडे खिडक्या लागल्या – सवय! मीही माझी लावायला उठले होते.

दोरीवर मात्र निळे फ्रॉक तसेच. एक, दोन – आणि टोकाला तिसरा. आखूड झाला असणार. खाली वेगळ्याच कापडाची पट्टी जोडली आहे.