चौऱ्याऐंशी नंबरची तक्रार

२१ नोव्हेंबर १९६१, अमरावती
दुपारी डोळा लागला आणि फोन. संत्र्याचा भाव विचारला. मी वकील आहे म्हटल्यावर माझी अक्कल काढून फोन ठेवून दिला. पुन्हा तोच माणूस. एक्स्चेंजमधल्या सत्यवतीबाई म्हणाल्या, कापसाच्या जिनिंगच्या फोनवरून होता. तिथे केला तर चौकीदार म्हणतो, शेटजी नाहीत, मले काय विचारता. डिरेक्टरीत नाव आहे, नंबर आहे. फोनवरून कोणी त्रास दिला तर बोलायचं कोणाशी, हे कुठेच नाही. इतकी साधी गोष्ट, पण सुचली मलाच.

२६ नोव्हेंबर, रविवार
टेलिफोनधारक मंडळाची सभा. चिटणीस मीच. ठराव पास: गावातल्या फोनांची वेगळी यादी काढायची, प्रत्येक नंबरापुढे तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव. टाळ्या. सभेला चौघे होतो.
अकोल्याचे वामनराव हेडमास्तर दिवाळीत मुलासाठी आमच्या चारुशीलेला पाहून गेले. मी तेव्हा मंडळाच्या कामाने बाहेर. होकार असला तर ट्रंक कॉल करतो म्हणाले होते. रमाने फोनवर विणलेला रुमाल घातलाय. म्हणते, फोन मोकळा ठेवा. तिला मंडळाच्या कामाची कल्पना नाही.

४ डिसेंबर
नावं गोळा करतोय. डॉक्टरांनी कंपाउंडरचं दिलं. कंपाउंडरने खोडायला लावलं. जिनिंगवाल्यांनी चौकीदाराचं दिलं. समोरचे औषधवाले महादेवराव म्हणाले, माह्या फोनवरून अख्खी गल्ली बोलते, मी कोनाकोनाचं ऐकू? तुमचंच नाव टाका वकीलसाहेब, तुमाले हौस आहे.
टोमणा असावा. पण विचार चांगला आहे.

९ डिसेंबर
यादी तयार. सगळ्या नंबरांपुढे एकच नाव: कमलाकांत वकील, फोन ८४. सापडायला याहून सोपं काय असणार? एक प्रत अकोल्याच्या एक्स्चेंजलाही पाठवली. त्यांनाही शिकता येईल.

१३ डिसेंबर
प्रतिसाद दांडगा. सकाळपासून फोन खाली ठेवलेला नाही. एकाचा नळ कोरडा, एकाच्या कुंपणात दुसऱ्याची म्हैस. फोनचा गैरवापर सोडून सगळं आलं. लोकांना सवय नाही, होईल. रमा म्हणाली, अकोल्याचा फोन यायचा कसा? म्हटलं, सार्वजनिक काम आहे. फोनवरचा रुमाल उचलून आत घेऊन गेली. पटलं असावं.

१८ डिसेंबर
वामनरावांचा फोन नाही. मास्तर माणूस, ट्रंक कॉल जड जात असेल. रमा म्हणते, तुम्हीच करा. करणार होतो. पण लाइन मोकळी मिळेना. उद्या नक्की.

२१ डिसेंबर, सकाळी
फोनवर असताना काळ्या टोपीवाले एक गृहस्थ दारात. नाव सांगू लागले. म्हटलं, नाव मागाहून, आधी तक्रार. म्हणाले, आठवडाभर ८४ नंबर लागत नाही. म्हटलं, तोंडी तक्रार घेत नाही, ८४ ला फोन करा. म्हणाले, तोच लागत नाही हो. म्हटलं, प्रयत्न चालू ठेवा. नमस्कार करून गेले. शिस्तीचा माणूस वाटला.

संध्याकाळी
टोपीवाले वामनराव होते. इथून निघून महादेवरावांच्या दुकानात पाणी प्यायले आणि अकोल्याची गाडी धरली. रमाला महादेवरावांनीच सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ डिसेंबर
रमा, चारुशीला आणि मेहुणे बापूसाहेब पहाटेच्या गाडीने अकोल्याला गेले. मी कोट घालून तयार होतो. रमा म्हणाली, तुम्ही फोन सांभाळा.

२३ डिसेंबर
दिवसभर फोन सांभाळला. संध्याकाळी महादेवराव रस्ता ओलांडून आले. म्हणाले, वहिनीचा ट्रंक कॉल होता माह्या दुकानात. पोरीचं जमलं. माघात लगन. तुमचा नंबर लागत नोयता म्हने, म्हून मले सांगतलं.
ते गेल्यावर दार लावलं. फार आनंद झाला. सांगायला घरात कोणी नव्हतं. अकोला मागायला फोन उचलला. सत्यवतीबाई म्हणाल्या, थांबा, तुमच्यासाठी एक जण केव्हाचा ताटकळलाय.
त्याला संत्र्याचा भाव हवा होता. ठाऊक नव्हता, तरी सांगितला. मग म्हटलं, माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तो ‘राँग नंबर’ म्हणाला आणि ठेवून दिला.