मी सरपटत नाही, याबाबत

प्रति,
मा. सचिव,
कार्यवृत्त शाखा, संसद सचिवालय,
पहिला मजला.

विषय : माझ्या सरपटण्याबद्दल सभागृहात झालेले विधान दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : अपंग हक्क विधेयकावरील चर्चा, मंगळवार, दुपारचे सत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो, की

१. अर्जदार एकोणीस वर्षे घड्याळे दुरुस्त करतो. लहानपणी पोलिओ झाल्याने दोन्ही पायांत जोर नाही. तो दोन कुबड्यांवर चालतो आणि झकास चालतो. चहाच्या वेळी टपरीवर त्याच्या आधी कोणी पोचत नाही, अशी शेजारच्या चप्पलवाल्याची कायमची तक्रार आहे.

२. गेल्या महिन्यात एक सन्माननीय सदस्य मनगटी घड्याळ घेऊन दुकानात आले. उघडताना मोहरीच्या निम्म्याएवढा स्क्रू चिमट्यातून उडाला. अशा वेळी जगातला कुठलाही घड्याळजी खाली उतरतो आणि फरशीला गाल लावून, बॅटरी मारत रांगतो. अर्जदारही उतरला. सन्माननीयांनी ते पाहिले, डोळे पुसले आणि काही न विचारता निघून गेले. स्क्रू सापडला आहे. घड्याळ तयार आहे, त्यांनी घेऊन जावे.

३. मंगळवारी सन्माननीयांनी सभागृहाला सांगितले, की त्यांच्या भागातला एक घड्याळजी जन्मभर धुळीत सरपटतो आहे. त्यांनी रुमाल काढला. समोरच्या बाकांवरही रुमाल निघाले. सकाळपासून ज्यांचे एका शब्दावर जमत नव्हते, त्यांचे माझ्या सरपटण्यावर लगेच जमले. एका सदस्याने तर मी पाठीवर लेकरू घेऊन सरपटतो, अशी पदरची भर घातली. अर्जदाराची एकुलती मुलगी कॉलेजात आहे. ती पाठीवर बसत नाही.

४. विधेयकाचे कलम नऊ असे, की हातात कसब असेल तर पायांकडे बोट दाखवून सरकारी काम नाकारता येणार नाही. आपल्याच इमारतीतील घड्याळांच्या देखभालीसाठीची अर्जदाराची निविदा पायांमुळे दोनदा परत आली आहे. (सभागृहातले घड्याळ सहा मिनिटे मागे आहे. टीव्हीवर दिसते.) सदर भाषणानंतर कलम नऊ गाळून तेथे 'सरपटणाऱ्यांना मायेने सांभाळावे' अशी दुरुस्ती आली आहे. मतदान शुक्रवारी आहे. माया घरी पोटभर मिळते. अर्जदाराला काम हवे आहे.

५. दरम्यान गिऱ्हाइके आधी फरशी न्याहाळतात. एक बाई, तुम्हाला कशाला त्रास, असे म्हणून भिंतीवरचे घड्याळ तसेच परत घेऊन गेल्या. काल कोणी तरी काउंटरवर जुनी गोधडी ठेवून गेले. आमच्या मातोश्री, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी चर्चा समोर बसून पाहिली. सहा वर्षांच्या पोराला त्यांनी वर्षभर अंगणात उभे राहून कुबड्यांवर चालायला शिकवले. पडला की उचलायला धावल्या नाहीत, आत जाऊन रडल्या. त्यावर संसदेने चार मिनिटांत पाणी फिरवले, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या समक्ष येणार होत्या. शुक्रवारपर्यंत त्यांना कसेबसे थोपवले आहे.

६. सबब 'सरपटतो' हा शब्द काढून 'स्क्रू शोधत होता' असे घालावे आणि ते मतदानाआधी वाचून दाखवावे, ही विनंती.

७. येथवरचा मजकूर घरी लिहिला होता. पुढचा आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसून लिहीत आहे. दुरुस्तीचा अर्ज स्वतः आणून द्यावा लागतो, असे आपल्या कार्यालयाने फोनवर कळवले होते. दारावर नियमाप्रमाणे धातूच्या वस्तू, म्हणजे माझ्या कुबड्या, जमा करून घेतल्या आणि टोकन दिले. पहारेकरी सभ्य होता, द्यायला चाकांची खुर्ची नाही म्हणून त्यालाच वाईट वाटले. लिफ्ट सदस्यांसाठी राखीव आहे. पायऱ्या बावीस आहेत. अर्जदार त्या हातांवर आणि गुडघ्यांवर चढला. लोक बाजूला होऊन वाट देत होते. लाज वाटली, हे लपवत नाही.

८. त्यामुळे परिच्छेद सहामधील विनंती बदलत आहे. सन्माननीयांचे विधान आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांपासून खरे झाले आहे, ते राहू द्यावे. फक्त ठिकाण दुरुस्त करून शुक्रवारी मतदानाआधी वाचावे : अर्जदार आपल्या दुकानात सरपटत नाही. तो संसदेत सरपटला.

उत्तर मिळेपर्यंत बाकावरच बसलेला,
आपला,
घड्याळवाला
गुरुवार, सकाळी ११.४५ (माझ्या घड्याळाप्रमाणे)

सोबत : कुबड्यांचे टोकन क्र. ४१, मूळ प्रत. पाहून परत द्यावे, उतरायचे आहे.