तानाबाईसाठी प्रार्थना

राळेगाव,
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय साधनाताईस,
धाकट्या ममताचा स. सलाम वि. वि.

तुले फोनवर अर्धं ऐकू येते आन् उरलेलं तू मनानं जोडते, म्हणून कागद लिहून राह्यली. हसू नको, नीट वाच.

चर्चची नवी भिंत खिडकीपर्यंत आली. विटा बापूजीनं फुकट दिल्या. बापूजी म्हणजे आमच्या मंडळीतले वडीलधारे कारभारी, पहिल्या बाकावर बसतात, वीटभट्टी त्याइचीच. मागच्या हप्त्यात मी तिथं जुने कपडे वाटायले गेलती. तानाबाई नावाची बाई भेटली, कोलाम आदिवासींच्या पोडावरची, जंगलातल्या वस्तीवरची. आधी इकडंतिकडं पाहिलं. मंग सांगितलं की आगाऊ पैसे घेतले म्हणून दोन वर्षांपासून गावी जाऊ देत नाहीत. ती बाजाराले निघाली की तिच्या लेकीले खोलीत कोंडून कडी लावतात. नवरा बादल पळून गेलता, त्याले धरून आणलं, आता लंगडते. अवं ताई, याले गुलामी नाही तर काय म्हणायचं? देवानं आपल्या लोकांना मिसर देशाच्या गुलामीतून सोडवलं म्हणून आम्ही टाळ्या वाजवून गाणी म्हणतो, आन् भिंत या विटांची!

आमच्या घरच्या पाळकसाहेबाइले सांगितलं, तर म्हणतात, भिंत होऊ दे, मंग पाहू. मले असा राग आला की त्या दिवशी भाजीत मीठच टाकलं नाही. मंग त्याइले न सांगता यवतमाळले कलेक्टर कचेरीत जाऊन अर्ज देऊन आली. एकवीस तारखेले, बुधवारी, साहेब लोक भट्टीवर येणार. तानाबाई त्याइच्यासमोर बोलणार आहे. माझा हात धरून कबूल केलं तिनं. त्याआधी बापूजीले कळलं तर तिचं काय करतील, हे मनात आलं की घास उतरत नाही. तू तेवढी प्रार्थना कर.

भाऊजीले सलाम. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
ममता


पुसद,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. ममतास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

शाब्बास! लहानपणी पालीले भिऊन पलंगावर चढणारी पोरगी तू, आन् अर्ज देऊन आली! इंद्रजीतले माझा निरोप दे, म्हणावं पाळक कळपाचा असतो, भिंतीचा नाही. बिनमिठाची भाजी अजून चार दिवस चालू दे.

तू म्हटलं तसं केलं. आज उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या तशी मीच पहिली उभी झाली. आपली रीतच आहे, नाव घेतल्याशिवाय मंडळी गुडघे कशावर टेकणार? तानाबाईसाठी सांगितलं, बुधवारी येणाऱ्या साहेबांसाठी सांगितलं. बापूजीचं नाव मात्र घेतलं नाही, एवढी अक्कल आहे मले. बाया हुंदके देऊन रडल्या.

इथं एक नवी सून आली आहे, अर्पिता, तुमच्या राळेगावकडचीच. तिनं तर बाहेर मले गाठून भट्टी कोणती, बाई कोणती, सारं विचारून घेतलं. रोज नावानिशी प्रार्थना करीन म्हणे. आजकालच्या पोरीत एवढी श्रद्धा कुठं पाहायले मिळते?

घाबरू नको, जेवत जा. आम्हा म्हाताऱ्यांवर जीव असू दे.

तुझी ताई,
साधना


राळेगाव,
२५ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताईस,
ममताचा सलाम वि. वि.

अर्पिता बापूजीची लेक आहे.

तुझं पत्र बुधवारी सकाळी हाती पडलं. वाचलं आन् तशीच भट्टीकडे पळाली. भट्टी धुमसत होती, झोपड्या साऱ्या रिकाम्या. एका चुलीवर अर्धा कच्चा भात तसाच होता. मंगळवारी ट्रक आला आन् साऱ्यांना भरून घेऊन गेला, एवढंच चौकीदार बोलला. दुपारी साहेब आले. बापूजीनं त्याइले चहा पाजला, काम संपलं, माणसं घरी गेली म्हणून सांगितलं. त्याइनं तसंच लिहून नेलं. मी तानाबाईच्या पोडावर माणूस धाडला. तिथं कोणी पोचलं नाही.

तुले शिव्या द्यायले बसली होती मी. पण प्रार्थना कर असं मीच लिहिलं आन् गुपचूप कर असं लिहिलं नाही. कधी मनातल्या मनात प्रार्थना केली आपण? ताई, आता गुडघे टेकू नको, उठ. अर्पिताच्या दारात जाऊन बस आन् ट्रक कुठं नेला ते विचार. मी उद्याच्या पहिल्या गाडीनं यवतमाळले पोलिसांकडे जाऊन राह्यली. पाळकसाहेब येतो म्हणतात. नाही आले तरी जाईन.

आज उपासनेत विनंत्यांच्या वेळी बापूजी उभे झाले. माझ्याकडे पाहून अगदी गोड आवाजात म्हणाले की तानाबाई नावाची एक गरीब बाई आहे, तिले आन् तिच्या लेकीले प्रभूनं कायमची शांती द्यावी, सगळ्यांनी प्रार्थना करा. साहेबांसमोर बोलणारी तीच, हे मी इथं कोणालेच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. साऱ्या मंडळीनं आमेन म्हटलं. सवयीनं माझ्याही तोंडून निघून गेलं, ताई.

राग आला तरी जवळची म्हणत जा.

तुझी,
ममता