इराच्या वजनाचे तांदूळ

प्रिय कोंदो-सान,

हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्ही होतात तेव्हा मोडक्यातोडक्या जपानीत जे सांगायचं टाळलं, ते निदान आता माझ्या भाषेत तरी सांगू द्या. काल तुमच्या मिचिको-सान कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, रविवारी यांना जाऊन एकोणपन्नास दिवस होतील, तो शेवटचा विधी, जुने मित्र येऊन इंजिन पेटवणार आहेत, इराला पाठवाल ना? मी मान डोलावली आणि घरात येऊन ढसाढसा रडले.

तुमची ती गुडघ्याएवढी आगगाडी! सेंदाईत नवीन आलो तेव्हा वाटलं, म्हातारपणचा खेळ असेल. मग कळलं, तरुणपणी तुम्ही चौघा मित्रांनी आपापल्या अंगणात रूळ टाकले, तेव्हा एक सुटा भागही विकत मिळत नव्हता. एकेक चाक तुम्ही स्वतः लेथवर कातलेलं. लोक वेडे म्हणायचे ना तुम्हाला?

आमची पाच वर्षांची इरा दोन्हीकडे पाय सोडून डब्यावर बसायची, तुम्ही पुढे चमच्याने कोळसा घालायचात. शिट्टी वाजली की तिचं खिदळणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

मग भूकंप झाला, शेजारच्या प्रांतातली अणुभट्टी फुटली. आम्ही पुण्याला पळालो, तीन महिन्यांनी परतलो. तुम्ही कुंपणापाशी हजर. "इरा-चान, चल!" आणि मी म्हटलं, "नको. माती वाईट आहे." किरणोत्सर्गाच्या बातम्या बघून माझं डोकं फिरलं होतं. तुम्ही कमरेत वाकून माझी माफी मागितलीत. तुम्ही का मागितलीत हो?

आठवड्याने माझ्या नवऱ्याने, निखिलने, विद्यापीठातून मीटर आणून कुंपणालगत मोजलं. "अगं, काहीच नाहीये. जाऊ दे पोरीला." पण तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? उद्या सांगू, परवा सांगू. लाज वाटत होती, आणि भीतीही पुरती गेली नव्हती.

आणि तुम्ही रूळच उखडायला घेतलेत! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे टेकून, वीतभर माती खरवडून पिशव्या भरत होतात. अख्खा उन्हाळा. मी पोळ्या लाटता लाटता खिडकीतून बघत होते. एक हाक मारायला काय झालं होतं मला? नवी खडी, पुन्हा रूळ, प्रत्येक सांध्यावर पाणसळ ठेवून सपाटी बघणं. काम संपलं आणि पंधरवड्यात तुम्ही गेलात. मिचिको-सान म्हणतात, वय झालं होतं. खरंच वयच ना?

काल त्यांनी सहज सांगितलं, ते जिवाला लागलंय. माणूस बसवायच्या आधी तेवढं वजन ठेवून गाडी फिरवायची, हा तुमचा नियम. तुम्ही त्यांना विचारलंत, इरा आता केवढी झाली असेल? मग तांदळाच्या दहा दहा किलोच्या दोन पिशव्या डब्यावर बांधून तीन फेऱ्या मारल्यात. कोंदो-सान, बरोबर वीस किलो भरते हो ती!

उद्या सकाळी मी मिचिको-सानकडे जाऊन मीटरचं सगळं सांगणार आहे. शब्द अडले तर निखिल असेल सोबत, पण बोलेन मीच. त्यानंतरही त्यांनी बोलावलं, तरच रविवारी इरा त्या डब्यावर बसेल. नाही बोलावलं, तर का नाही, हे तिलाही मीच सांगेन.

तुमची शेजारीण,
मृणाल